टीव्हीवरच्या चेहऱ्याला मत द्यावं का? रोनाल्ड रेगन यांचा प्रवास काय सांगतो

निवडणुका जवळ आल्या की उमेदवारांच्या यादीत एखादं तरी नाव असं निघतं, जे लोकांना सभांमधून नाही तर टीव्हीमुळे माहीत असतं. १९९१ साली 'रामायण' मालिकेतली सीता आणि रावण, म्हणजेच दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, गुजरातमधून लोकसभेवर निवडून गेले. १९९६ साली 'महाभारत'मध्ये कृष्ण साकारणारे मराठी अभिनेते नितीश भारद्वाज जमशेदपूरमधून खासदार झाले. 'द अप्रेंटिस' या रिअॅलिटी शोमुळे घराघरात पोहोचलेले डोनाल्ड ट्रम्प २०१६ साली अमेरिकेची निवडणूक जिंकले. युक्रेनमध्ये तर मालिकेत राष्ट्राध्यक्षाची भूमिका करणारे वोलोदिमिर झेलेन्स्की २०१९ साली खरोखरचे राष्ट्राध्यक्ष झाले.

प्रत्येक वेळी वाद तोच होतो. एक बाजू म्हणते, लोकशाहीत कुणीही उभं राहू शकतं, मग कलाकारांनीच काय घोडं मारलंय? दुसरी बाजू म्हणते, संवाद पाठ करणं वेगळं आणि राज्य चालवणं वेगळं.

या वादात एका माणसाचं उदाहरण दोन्ही बाजू देतात. ते म्हणजे अमेरिकेचे ४० वे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन. त्यांना 'सिनेमानट राष्ट्राध्यक्ष' म्हणण्याची पद्धत आहे. पण त्यांना राजकारणात आणलं ते सिनेमाने नाही, टीव्हीने. आणि टीव्ही ते व्हाइट हाउस या प्रवासात नेमकं काय घडलं, हे पाहिलं तर या वादाकडे बघण्याची नजर थोडी बदलते.

चप्पल-बुटांच्या दुकानातल्या सेल्समनचा मुलगा

रेगन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९११ चा. इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिको नावाच्या छोट्या गावातला. वडील जॅक बुटांच्या दुकानात सेल्समन होते आणि त्यांना दारूचं व्यसन होतं. नोकऱ्या बदलायच्या, तशी गावंही बदलायची. आई नेल धार्मिक होती. चर्चमध्ये छोटी नाटकं बसवायची, कविता म्हणून दाखवायची. लोकांसमोर उभं राहायची सवय रेगन यांना आईमुळे लागली.

१९२० साली हे कुटुंब डिक्सन गावात स्थिरावलं. तिथल्या रॉक नदीवर रेगन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये जीवरक्षकाचं काम करायचे. बुडणाऱ्या ७७ जणांना त्यांनी वाचवल्याची नोंद सांगितली जाते.

पुढे युरेका कॉलेजातून १९३२ साली अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राची पदवी घेतली. हा काळ महामंदीचा होता. आदल्याच वर्षी, ऐन नाताळच्या तोंडावर वडिलांची नोकरी गेली होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मदत योजनेत जॅक रेगन यांना काम मिळालं आणि घर सावरलं. म्हणूनच तरुण रेगन रूझवेल्ट यांचे कट्टर समर्थक होते. चारही निवडणुकांत त्यांनी रूझवेल्ट यांनाच मत दिलं. सरकारी योजनांमुळे सावरलेल्या घरातला हा मुलगा पुढे सरकारी योजनांचा सर्वांत मोठा टीकाकार झाला. हे कसं घडलं, ते पुढे येईलच.

आवाज आधी, चेहरा नंतर

पहिली नोकरी रेडिओवर मिळाली. आयोवा राज्यात ते बेसबॉल सामन्यांचं समालोचन करायचे. गंमत म्हणजे शिकागोमधले बरेच सामने ते प्रत्यक्ष बघायचेच नाहीत. तारेने त्रोटक संदेश यायचा आणि त्यावरून ते स्टुडिओत बसून अख्खा सामना डोळ्यांपुढे उभा करायचे. एकदा मध्येच तार बंद पडली, तेव्हा फलंदाज एकामागून एक चेंडू मैदानाबाहेर तटवतोय असं सांगत त्यांनी कित्येक मिनिटं वेळ मारून नेली. हा किस्सा ते स्वतः आयुष्यभर सांगत राहिले.

१९३७ साली ते कॅलिफोर्नियाला गेले होते, तेव्हा स्क्रीन टेस्ट दिली आणि वॉर्नर ब्रदर्सने करार केला. आठवड्याला २०० डॉलर पगार. 'न्यूट रॉकनी, ऑल अमेरिकन' (१९४०) आणि 'किंग्ज रो' (१९४२) या चित्रपटांनी नाव दिलं. पण पहिल्या फळीतले नायक ते कधी झाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नजर कमजोर असल्याने आघाडीवर न जाता त्यांनी सैन्यासाठी प्रशिक्षणपट बनवणाऱ्या तुकडीत काम केलं. युद्ध संपल्यावर भूमिका कमी होत गेल्या. अभिनेत्री जेन वायमन यांच्याशी १९४० साली झालेलं लग्नही १९४९ पर्यंत संपलं. १९५४ च्या सुरुवातीला तर लास वेगासच्या एका हॉटेलात प्रेक्षकांना हसवण्याचं काम त्यांनी दोन आठवडे केलं.

थोडक्यात, चाळिशी ओलांडलेला, मागे पडत चाललेला नट. राजकारणात यायला हा काही फार मोठा चेहरा नव्हता.

युनियनचा अध्यक्ष

पण या काळात रेगन आणखी एक काम करत होते. १९४७ साली ते स्क्रीन अॅक्टर्स गिल्डचे, म्हणजे हॉलिवूडच्या नटांच्या युनियनचे अध्यक्ष झाले. १९५२ पर्यंत आणि नंतर १९५९-६० मध्ये पुन्हा ते या पदावर होते. निर्मात्यांसमोर बसून मानधनाच्या अटी ठरवणं, कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे ओळखणं, हे सगळं ते इथे शिकले. १९६० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नटांनी संप केला. जुन्या चित्रपटांवरचा हक्क सोडावा लागला, पण त्यानंतरचे चित्रपट टीव्हीवर दाखवले तर नटांना मानधन मिळेल आणि पेन्शन व आरोग्य योजना सुरू होईल, हे पदरात पडलं. पुढे सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्याशी वाटाघाटी करताना युनियनमधला अनुभव कामी आला, असं ते सांगायचे.

या काळाची दुसरी बाजूही आहे. कम्युनिस्टांच्या विरोधातली लाट तेव्हा हॉलिवूडमध्ये पोहोचली होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये संसदेच्या समितीसमोर दिलेल्या जाहीर साक्षीत रेगन यांनी कुणाची नावं घेतली नाहीत. पण खासगीत ते तपास यंत्रणा एफबीआयला माहिती देत होते, हे १९८० च्या दशकात कागदपत्रांतून उघड झालं. त्या काळात संशयावरून अनेक लेखक-कलाकारांचं काम कायमचं सुटलं.

दुसरा वाद एमसीए या कंपनीचा. ही कंपनी नटांची एजंट होती. एजंटने स्वतःच निर्माता होऊ नये, असा युनियनचा नियम होता. कारण नटाला जास्त पैसे मिळवून देणं हे एजंटचं काम, आणि नटाला कमी पैशांत बसवणं हा निर्मात्याचा फायदा. १९५२ साली युनियनने एमसीएला या नियमातून सरसकट सूट दिली. बदल्यात टीव्ही कार्यक्रम पुन्हा दाखवल्यास नटांना मानधन मिळणार होतं. तेव्हा युनियनचे अध्यक्ष होते रेगन, आणि रेगन यांचीही एजंट एमसीएच होती. दोन वर्षांनी याच कंपनीच्या निर्मितीसंस्थेने त्यांना टीव्हीवरचं सगळ्यात मोठं काम दिलं. १९६२ साली या प्रकरणी त्यांना ग्रँड ज्युरीसमोर साक्ष द्यावी लागली. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण प्रश्न मात्र कायम राहिले.

दर रविवारी रात्री नऊ वाजता

ते मोठं काम म्हणजे 'जनरल इलेक्ट्रिक थिएटर'. सप्टेंबर १९५४ पासून सीबीएस वाहिनीवर दर रविवारी रात्री नऊ वाजता हा कार्यक्रम लागायचा. दर आठवड्याला नवी कथा, नवे कलाकार. रेगन सूत्रधार होते, अधूनमधून अभिनयही करायचे. अमेरिकेत तेव्हा घरोघरी नुकतेच टीव्ही येत होते. काही काळातच हा देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांपैकी एक झाला. सिनेमातल्या नायकाला लोक अंधाऱ्या थिएटरात मोठ्या पडद्यावर बघायचे. रेगन मात्र दर रविवारी घरच्या बैठकीत येऊन बोलायचे. ओळख झाली, ती घरच्या माणसासारखी.

कंपनीने त्यांच्या घरात विजेची सगळी आधुनिक उपकरणं बसवून दिली आणि ते घर जाहिरातीत दाखवलं. आठ वर्षं हे चाललं.

पण या कराराचा दुसरा भाग प्रेक्षकांना दिसत नव्हता आणि राजकारणाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा ठरला. करारानुसार रेगन यांना वर्षातले काही आठवडे कंपनीच्या कारखान्यांना भेटी द्याव्या लागायच्या. ४० राज्यांतले १३० हून अधिक कारखाने आणि सुमारे अडीच लाख कामगार. रेगन यांना विमानाची भीती वाटायची, त्यामुळे बराचसा प्रवास रेल्वेने व्हायचा. दिवसभर यंत्रांमधून फिरायचं, सह्या द्यायच्या, पाळी संपली की कामगारांशी बोलायचं, संध्याकाळी गावातल्या व्यापाऱ्यांच्या क्लबात भाषण करायचं.

सुरुवातीला लोक हॉलिवूडच्या गमतीजमती विचारायचे. हळूहळू प्रश्न बदलले. कर का वाढतायत? सरकार आमच्या कामात इतकी ढवळाढवळ का करतं? रेगन छोट्या कार्डांवर स्वतःच्या सांकेतिक खुणांनी मुद्दे लिहून ठेवायचे. कुठल्या वाक्याला टाळ्या पडल्या, कुठे लोक चुळबुळ करू लागले, ते पाहून कार्डं बदलायची. आठ वर्षं ही तालीम चालली. एखाद्या मुरलेल्या कार्यकर्त्याने गावोगावी फिरून मतदार ओळखावा, तसंच हे होतं. फरक इतकाच की खर्च कंपनीचा होता.

आणि खर्च कंपनीचा असला की विचारही हळूहळू तिकडे झुकतात. जनरल इलेक्ट्रिकचे कामगार विभागप्रमुख लेम्युएल बोलवेअर कट्टर मुक्त बाजारवादी होते आणि युनियनला न जुमानण्यासाठी प्रसिद्ध होते. कंपनीतर्फे कामगारांना आणि अधिकाऱ्यांना या विचारांचं साहित्य वाचायला दिलं जायचं. रेगन यांनीही ते वाचलं. रूझवेल्ट यांचा समर्थक असलेला युनियनचा अध्यक्ष या आठ वर्षांत मोठ्या सरकारचा विरोधक झाला. मतं मनापासून बदलली होती यात शंका नाही, पण ती कुठे आणि कुणाच्या सोबतीत बदलली हेही खरं आहे.

याचं एक बोलकं उदाहरण आहे. सरकारी उधळपट्टी दाखवताना रेगन टेनेसी व्हॅली प्राधिकरणाचं नाव घ्यायचे. हे सरकारी वीज महामंडळ जनरल इलेक्ट्रिकचं मोठं गिऱ्हाईक होतं. १९५९ च्या सुमारास त्यावरून कुरबुर सुरू झाली, तेव्हा रेगन यांनी तो उल्लेख भाषणातून काढून टाकला. १९६२ साली कार्यक्रम बंद झाला. समोर 'बोनान्झा' ही रंगीत मालिका प्रेक्षक खेचत होती आणि रेगन यांची भाषणंही कंपनीला जड होऊ लागली होती. त्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्षात नाव नोंदवलं.

एक भाषण आणि उमेदवारी

२७ ऑक्टोबर १९६४. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर हरणार हे दिसतच होतं. प्रचाराचा भाग म्हणून रेगन यांचं अर्ध्या तासाचं भाषण टीव्हीवर दाखवलं गेलं. कारखान्यांमध्ये वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलेले मुद्दे त्यात होते. पक्षाकडे देणग्यांचा ओघ लागला. गोल्डवॉटर दणकून हरले, पण त्या निवडणुकीतून पक्षाला रेगन मिळाले.

कॅलिफोर्नियातले काही उद्योजक त्यांच्याकडे आले आणि गव्हर्नरपदासाठी गळ घातली. तेव्हा रेगन 'डेथ व्हॅली डेज' या मालिकेचे सूत्रधार होते. निवडणूक लढवायची म्हणून ते काम सोडलं.

समोर होते पॅट ब्राऊन. दोन वेळा गव्हर्नर झालेले, १९६२ साली रिचर्ड निक्सन यांना हरवलेले. ब्राऊन यांना वाटलं, नट समोर आहे म्हणजे काम सोपं. त्यांच्या प्रचारपटात तर ते लहान मुलींना सांगताना दिसतात की अब्राहम लिंकन यांना मारणारा एक नटच होता. हा डाव अंगलट आला. त्यात ज्या राज्यात चित्रपटसृष्टीवर हजारोंचं पोट चालतं, तिथे नटांना हिणवणं महागात पडणारच होतं.

रेगन यांच्या प्रचारयंत्रणेने मात्र ही टीका गांभीर्याने घेतली. राज्याच्या प्रश्नांवर माहिती गोळा करून ती कार्डांवर मांडायला मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली. सभांचं स्वरूपही बदललं. भाषण छोटं ठेवायचं आणि उरलेला वेळ लोकांच्या प्रश्नांना द्यायचा. दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचणारा नट ही प्रतिमा पुसायची असेल, तर बिनतयारीचे प्रश्न घ्यायलाच हवे होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये रेगन जवळपास १० लाख मतांनी जिंकले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

खुर्चीत बसल्यावर

राज्य चालवण्याचा अनुभव शून्य होता आणि तो दिसलाही. सुरुवातीच्या एका पत्रकार परिषदेत त्यांना स्वतःच्याच सरकारचा विधिमंडळातला कार्यक्रम सांगता आला नव्हता.

तिजोरीत खड्डा होता. कर कमी करणार म्हणून निवडून आलेल्या गव्हर्नरने पहिल्याच वर्षी सुमारे १०० कोटी डॉलरची करवाढ मंजूर केली. तोवरच्या कुठल्याही राज्यातली ही सर्वांत मोठी करवाढ होती. त्याच वर्षी गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली, ज्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. मे १९६९ मध्ये बर्कलीतल्या पीपल्स पार्कच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, आणि रेगन यांनी शहरात नॅशनल गार्ड उतरवलं.

पण ते शिकत गेले. दुसऱ्या कार्यकाळात, १९७१ साली, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सभापती बॉब मोरेट्टी यांच्यासोबत दिवसेंदिवस बसून त्यांनी कल्याणकारी मदतीच्या नियमांवर तडजोड घडवली. इथे युनियनचा जुना अध्यक्ष कामी आला.

कामाची पद्धतही इथेच ठरली. प्रत्येक विषयावर अधिकाऱ्यांनी एका पानाचं टिपण द्यायचं: प्रश्न काय, वस्तुस्थिती काय, चर्चा काय, शिफारस काय. रेगन वाचणार, निर्णय देणार, बाकी सगळं सहकाऱ्यांनी बघायचं. यामुळे कामं पटापट उरकायची. पण पानावर जे आलंच नाही, ते त्यांना कळणारही नाही, हा धोका त्यात होता.

१९७५ साली गव्हर्नरपद सोडल्यावर सीबीएसने टीव्हीवर नियमित भाष्य करण्याचं काम देऊ केलं होतं, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं आहे. रेगन यांनी नकार दिला. रोज टीव्हीवर दिसलो तर लोक कंटाळतील, असा हिशोब होता. त्याऐवजी त्यांनी रेडिओवर रोज काही मिनिटांचं भाष्य सुरू केलं. त्यातली शेकडो भाष्यं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. टीव्हीचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही या माणसाला नीट कळत होती.

१९७६ साली पक्षाची उमेदवारी थोडक्यात हुकली. १९८० साली ५० पैकी ४४ राज्यं जिंकून ते राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे टीव्हीवर घरोघरी पोहोचल्यापासून व्हाइट हाउसपर्यंत २६ वर्षं लागली. त्यातली आठ वर्षं कारखान्यांत, आठ वर्षं गव्हर्नरपदी.

व्हाइट हाउसमधला सूत्रधार

पडद्यावरचं कौशल्य राष्ट्राध्यक्षपदी कामी येतं का? येतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटात कोसळलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यात एक शिक्षिका होती, त्यामुळे देशभरातली शाळकरी मुलं हे थेट बघत होती. त्या दिवशीचं ठरलेलं वार्षिक भाषण बाजूला ठेवून रेगन टीव्हीवर काही मिनिटंच बोलले, त्या मुलांशीही बोलले. देशाला धीर देणं हेही नेत्याचं काम असतं आणि ते त्यांना जमायचं, हे विरोधकांनीही मान्य केलं.

टीव्हीचा परिणाम त्यांच्या स्वतःवरही व्हायचा. अणुयुद्धानंतरचं कॅन्सस दाखवणारा 'द डे आफ्टर' हा टीव्हीपट त्यांनी ऑक्टोबर १९८३ मध्ये, प्रसारणाआधीच पाहिला. त्याने आपण फार खिन्न झालो, अशी नोंद त्यांच्या डायरीत आहे. चार वर्षांनी, डिसेंबर १९८७ मध्ये, गोर्बाचेव्ह यांच्यासोबत त्यांनी मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रं नष्ट करण्याच्या करारावर सही केली. या कराराला अनेक कारणं होती, एका टीव्हीपटाने तो घडला असं नाही. पण शीतयुद्धातला सर्वांत कडवा सोव्हिएतविरोधक वाटाघाटीच्या टेबलावर बसला आणि सही करून उठला, हे महत्त्वाचं.

मग जमलं नाही ते काय?

१९८१ च्या ऑगस्टमध्ये विमान वाहतूक नियंत्रकांनी संप केला. युनियनचा अध्यक्ष राहिलेल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने ११ हजारांहून अधिक संपकऱ्यांना नोकरीवरून काढलं. सरकारी कर्मचाऱ्यांनी संप करणं कायद्याने बंद होतं, ही त्यांची बाजू. अमेरिकेतल्या कामगार चळवळीला मात्र यातून कायमचा धक्का बसला. सरकार खर्चीक आहे म्हणून टीका करणाऱ्या रेगन यांच्या आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळपास तिप्पट झालं.

एड्सची पहिली नोंद जून १९८१ मध्ये झाली. रेगन यांनी जाहीरपणे या आजाराचा उल्लेख केला तो सप्टेंबर १९८५ मध्ये, तोही एका पत्रकाराच्या प्रश्नाला उत्तर देताना. पुढच्याच महिन्यात त्यांच्या ओळखीतले नट रॉक हडसन एड्सने गेले. या विषयावर पहिलं मोठं भाषण झालं मे १९८७ मध्ये. तोवर २० हजारांहून अधिक अमेरिकन लोकांचा मृत्यू झाला होता. लोकांशी बोलण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तोच नेता इथे वर्षानुवर्षं गप्प राहिला.

आणि मग इराण-काँट्रा. नोव्हेंबर १९८६ मध्ये उघड झालं की लेबनॉनमधल्या अमेरिकी ओलिसांची सुटका व्हावी म्हणून सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकली, आणि त्यातला पैसा निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला गेला. या बंडखोरांना लष्करी मदत करायला संसदेने बंदी घातली होती. चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो रेगन यांच्या कामाच्या पद्धतीवर. आपल्याच कार्यालयातले लोक काय करतायत यावर त्यांचं लक्ष नव्हतं. एका पानाच्या टिपणांची पद्धत इथे अंगाशी आली. न्यूयॉर्क टाइम्स आणि सीबीएसच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता एका महिन्यात ६७ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर घसरली. मार्च १९८७ मध्ये टीव्हीवर येऊन त्यांना चूक मान्य करावी लागली.

त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला, ज्याची चर्चा कमी होते. रेडिओ-टीव्हीने वादग्रस्त विषयांवर दोन्ही बाजू दाखवाव्यात, असा अमेरिकेत जुना नियम होता. त्याला कायद्याचं रूप देणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, पण रेगन यांनी नकाराधिकार वापरला. ऑगस्टमध्ये तो नियमच रद्द झाला. त्यानंतर एकाच बाजूने बोलणाऱ्या रेडिओ कार्यक्रमांची लाट आली. टीव्हीतून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात, पुढचे राजकीय चेहरे कसे घडतील हेही असं बदलून गेलं.

जानेवारी १९८९ मध्ये ते निवृत्त झाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये स्वहस्ते लिहिलेल्या पत्रातून आपल्याला अल्झायमर झाल्याचं त्यांनी देशाला कळवलं. ५ जून २००४ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मग टीव्हीवरच्या माणसाने निवडणूक लढवावी का?

लढवायला हरकत नसावी, हे रेगन यांच्याकडे पाहून म्हणता येतं. लोकांशी बोलता येणं ही राजकारणातली खरी गरज आहे आणि टीव्ही ते शिकवतो. पण रेगन यांचं नाव पुढे करून कुठल्याही प्रसिद्ध चेहऱ्याला उमेदवारी मागणारे मधली वर्षं विसरतात. टीव्ही सुरू झाल्यावर पहिली निवडणूक लढवायला त्यांना १२ वर्षं लागली. तोवर त्यांनी युनियन चालवली होती, संप केला होता, अडीच लाख कामगारांचे प्रश्न ऐकले होते. आणि राष्ट्राध्यक्ष होण्याआधी राज्य चालवून पाहिलं होतं, तिथे चुकाही केल्या होत्या.

उलट बाजूने, नट म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांचंही चुकलं. ब्राऊन यांनी नटाची टर उडवली, पण ज्या गोष्टी विचारायला हव्या होत्या त्या बाजूलाच राहिल्या. या माणसाचे पगार कोण देत होतं? त्याची मतं कुणाच्या सोबतीत बदलली? तपशिलात जायची त्याची तयारी आहे का? इराण-काँट्रा आणि एड्सच्या बाबतीत देशाला जी किंमत मोजावी लागली, तिची मुळं अभिनयात नव्हती. ती या प्रश्नांच्या उत्तरांत होती.

म्हणून पुढच्या वेळी मालिकेतला ओळखीचा चेहरा मत मागायला दारात आला, तर तो टीव्हीवर काय करायचा हे विचारण्यात फार अर्थ नाही. ते सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. कॅमेरा बंद असताना त्याने काय केलं, ते विचारायला हवं. हाच प्रश्न दारात येणाऱ्या इतर उमेदवारांनाही लागू होतो.